सागरी हवामान आणि विद्यार्थ्याच्या बासरीचा सैल सांधा : कारणे, निदान व उपाय
(देवबाग, ता. मालवण या परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

बासरी हे विद्यार्थ्याच्या आवाक्यातील वाद्य आहे. तिची किंमत तुलनेने कमी असते, ती सोबत नेणे सोपे असते आणि शिकण्याच्या प्रारंभी तिला फारशी जोडसामग्री लागत नाही. या सोयीमुळेच तिच्या निगेचा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. सतारीची तार तुटते, तबल्याची शाई निघते, हार्मोनियमचा भाता फाटतो, हे सर्वांना ठाऊक असते. बासरी मात्र 'बांबूची एक नळी' समजली जाते आणि तिच्यात काही बिघडण्यासारखे आहे असे कोणाच्या मनात येत नाही. त्यामुळे बासरीतून स्वर नीट उमटेनासा झाला की दोष वाद्याकडे न जाता विद्यार्थ्याकडे जातो. त्याची फुंक कच्ची आहे, बोटे नीट बसत नाहीत, रियाझ कमी पडतो, असे निष्कर्ष काढले जातात. अनेकदा ते खरेही असतात. परंतु बासरीचे दोन भाग जोडणारा सांधा किंवा वरच्या टोकातील बूच सैल झाले असल्यास कितीही रियाझ केला तरी खर्जातील स्वर भरीव येत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असून विद्यापीठाच्या युवा महोत्सवात शास्त्रीय स्वरवाद्य वादनाचा समावेश असतो. अशा स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांची निवड करणारे प्राध्यापक प्रत्येक वेळी संगीताचेच असतात असे नाही. वाद्याचा दोष आणि वादकाचा दोष यांत फरक कसा करावा, तसेच सैल झालेला भाग वाद्याला कायमची इजा न करता कसा दुरुस्त करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बासरीची रचना आणि सांध्याचे स्थान :

हिंदुस्थानी संगीतातील आडव्या बासरीस वरच्या टोकाजवळ एक मुखरंध्र आणि पुढे सहा स्वररंध्रे असतात. वरची तीन रंध्रे झाकली असता षड्ज, सहाही झाकली असता मंद्र पंचम आणि सर्व मोकळी ठेवली असता तीव्र मध्यम मिळतो. मुखरंध्रापलीकडील टोक बांबूच्या नैसर्गिक गाठीने किंवा बुचाने बंद केलेले असते.

पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी रागसंगीताच्या गरजेसाठी सुमारे ३२ इंच लांबीची, खर्जातील स्वर देणारी बासरी प्रचारात आणली. तेव्हापासून शास्त्रीय वादनासाठी लांब बासरी रूढ झाली. एवढी लांब नळी प्रवासात सांभाळणे अवघड असल्याने ती दोन भागांत करून सांध्याने जोडण्याची पद्धत आहे. हा सांधा बहुधा मुखरंध्र आणि पहिले स्वररंध्र यांच्यामध्ये असतो. एका भागाचे टोक दुसऱ्या भागात सरकते. कधी आतील टोक बांबूचे आणि बाहेरचे कडे पितळेचे असते, कधी आत पितळी नळी आणि बाहेर बांबू असतो, तर कधी दोन्ही बाजू बांबूच्याच असतात. फट भरून काढण्यासाठी आतील टोकावर बहुधा सुती दोरा गुंडाळलेला असतो. रचनेतील हा फरक वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि सांधा कोणत्या ऋतूत सैल होणार हे त्यावरच ठरते.

बांबू, आर्द्रता आणि देवबागची हवा :

देवबाग हे गाव अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेले आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्लीची खाडी, उत्तरेस तारकर्ली आणि दक्षिणेस नदीचे मुख अशी त्याची स्थिती आहे. मुखापलीकडे वेंगुर्ला तालुक्यातील भोगवे लागते. दोन्ही बाजूंस पाणी असल्याने येथील हवेत बाष्प आणि क्षार यांचे प्रमाण नेहमीच लक्षणीय असते.

सिंधुदुर्गात बांबूची वाण नाही. परंतु येथे सर्वत्र आढळणारा माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो. बांधकाम, मांडव व शेतीची अवजारे यांसाठी तो उत्तम, पण बासरीसाठी निरुपयोगी होय. बासरीला पातळ भिंतीचा आणि दोन गाठींमधील अंतर बरेच लांब असणारा बांबू लागतो. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे बासरीनिर्मितीचे प्रसिद्ध केंद्र असून तेथे आसामातील बांबू वापरला जातो. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती येणारी बासरी अनेकदा एका प्रदेशात वाढलेल्या, दुसऱ्या प्रदेशात वाळलेल्या आणि तिसऱ्याच प्रदेशात वाजवल्या जाणाऱ्या बांबूची असते. पिलीभीतच्या कोरड्या उन्हाळ्यात बेतशीर बसवलेला सांधा देवबागच्या पावसाळ्यात तसाच राहील, ही अपेक्षा बांबूच्या स्वभावाशी जुळणारी नाही.

बांबू हवेतील बाष्प शोषतो व सोडतो. बाष्प शोषले की तो फुगतो, सोडले की आकसतो. हा बदल लांबीच्या दिशेने नगण्य, पण व्यासाच्या दिशेने लक्षात येण्याजोगा असतो. बांबूच्या टोकाचा व्यास २० मिलिमीटर धरला आणि तो केवळ १ टक्क्याने घटला, तर ०.२ मिलिमीटरची फट पडते. याच्या तुलनेत तेवढ्याच व्यासाचे पितळी कडे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तरी सुमारे ०.००४ मिलिमीटर एवढेच प्रसरण पावते. म्हणून सांध्याच्या बाबतीत पितळ स्थिर आणि बांबू चल मानावा लागतो.

यातून एक सहसा ध्यानात न येणारी गोष्ट निष्पन्न होते. आतील टोक बांबूचे आणि बाहेरचे कडे पितळेचे असेल, तर दमट हवेत टोक फुगून सांधा घट्ट होतो, कधी अडकून बसतो आणि कोरड्या हवेत तो सैल होतो. याउलट आत पितळी नळी आणि बाहेर बांबू असेल, तर दमट हवेत बांबूच्या नळीचा संपूर्ण घेर वाढतो, त्यासोबत तिचे आतील भोकही मोठे होते आणि सांधा पावसाळ्यातच सैल पडतो. कोरड्या हवेत हाच बांबू न दबणाऱ्या पितळेवर आकसतो. तेव्हा तो सैल होत नाही, तर तडकण्याचा धोका निर्माण होतो. देवबागचा विद्यार्थी हिवाळ्यात घाट चढून कोल्हापूर किंवा पुण्यास गेला, तर हे दोन्ही परिणाम थोड्याच दिवसांत अनुभवास येऊ शकतात.

दोन्ही बाजू बांबूच्या असल्यास ऋतुमानाचा परिणाम दोहोंवर होतो. तथापि वादनाच्या वेळी फुंकेतील ओलावा आतील टोकास आधी मिळतो. त्यामुळे तासभर रियाझानंतर सांधा तात्पुरता घट्ट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सैल आढळतो.

क्षारांचा परिणामही विचारात घ्यावा लागतो. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून विरघळू लागते. दोऱ्यावर आणि पितळी कड्यावर साचलेला क्षार त्यामुळे ओलावा धरून ठेवतो. पितळेवर हिरवट थर येतो आणि दोरा लवकर कुजतो. किनाऱ्यावरील सांध्याचा दोरा म्हणूनच अधिक वेळा बदलावा लागतो.

सैल सांध्याचा स्वरावर होणारा परिणाम :

बासरीची नळी ध्वनीच्या दृष्टीने दोन्ही टोकांना उघडी असते. मुखरंध्र हे एक उघडे टोक, तर पहिले मोकळे स्वररंध्र किंवा नळीचा शेवट हे दुसरे. खालच्या सप्तकातील स्वर वाजताना हवेच्या दाबातील चढउतार दोन्ही उघड्या टोकांशी किमान आणि मध्यभागी कमाल असतो. मध्याच्या आसपास बारीक फट असल्यास नेमक्या याच ठिकाणी दाब निसटतो आणि मूळ स्वर दुबळा होतो. त्याच बोटांनी वरच्या सप्तकातील स्वर वाजवला असता मध्यभागी दाबातील चढउतार किमान असतो. त्यामुळे तेथील फटीचा त्या स्वरावर फारसा परिणाम होत नाही. दोन भागांच्या बासरीचा सांधा मध्याच्या बराच जवळ येत असल्याने मंद्र पंचम, धैवत व निषाद हे स्वर प्रथम बिघडतात आणि वरचे सप्तक मात्र ठीक वाजते.

विद्यार्थी अशा वेळी साहजिकच जोराने फुंकतो. जोर वाढताच स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. पाहणाऱ्यास ती फुंकेवर ताबा नसल्याची खूण वाटते. कालांतराने जोराने फुंकण्याची सवय जडते आणि वाद्य दुरुस्त झाल्यानंतरही ती सुटत नाही. सैल सांध्याने होणारे खरे नुकसान हेच आहे.

दुसरा परिणाम स्वरस्थानांवर होतो. सांधा घसरून नळी लांबली की सर्व स्वर उतरतात, पण सारखे उतरत नाहीत. पांढरी तीन या पट्टीच्या बासरीत षड्जासाठी नळीची परिणामी लांबी सुमारे ५२ सेंटिमीटर, मंद्र पंचमासाठी सुमारे ७० आणि तीव्र मध्यमासाठी सुमारे ३७ सेंटिमीटर असते. सांधा ५ मिलिमीटर बाहेर आल्यास मंद्र पंचम सुमारे १२ सेंट, षड्ज सुमारे १६ सेंट आणि तीव्र मध्यम सुमारे २३ सेंट उतरतो. (एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात.) म्हणजे तानपुऱ्याशी षड्ज जुळवून घेतला तरी इतर स्वर आपापल्या जागी राहत नाहीत.

येथे तापमानाचा परिणाम वेगळा ओळखणे आवश्यक आहे. नळीतील हवा १ अंश सेल्सिअसने तापली की स्वर सुमारे ३ सेंटने चढतो. वादन सुरू झाल्यावर काही मिनिटे स्वर चढत जाणे हा म्हणूनच बासरीचा स्वाभाविक धर्म आहे, दोष नव्हे. सांध्याचा दोष असेल तर स्वर उतरतो किंवा दुबळा होतो.

निदान :

दुरुस्तीपूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवणे अगत्याचे आहे. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

१. प्रथम बासरी दुसऱ्या जाणत्या वादकाकडून वाजवून घ्यावी. त्याच्या हातीही खर्जाचे स्वर दुबळे येत असतील, तर दोष वाद्यात आहे. त्याच्या हाती ते भरीव येत असतील, तर विद्यार्थ्याची बोटे व फुंक तपासावी. कारण अर्धवट झाकलेल्या रंध्राची लक्षणेही हुबेहूब अशीच असतात.

२. सांधा सोडवून केवळ वरचा भाग घ्यावा. त्याचे उघडे टोक तळव्याने घट्ट झाकून मुखरंध्रास ओठ लावावेत आणि हवा हळुवार ओढावी. ओठ क्षणभर चिकटून राहिले, तर बूच हवाबंद आहे. हवा येतच राहिली, तर बुचात किंवा त्या भागात फट आहे.

३. त्यानंतर दोन्ही भाग जोडून विद्यार्थ्याने सहाही रंध्रे झाकावीत, दुसऱ्याने खालचे टोक व तेथे जादा रंध्र असल्यास तेही बंद करावे आणि हीच चाचणी पुन्हा करावी. पहिल्या वेळी हवा थांबली आणि आता थांबत नाही, असे झाल्यास दोष सांध्यात किंवा खालच्या भागात आहे.

४. शेवटी सांध्यावर बाहेरून चिकटपट्टीचा एक वेढा तात्पुरता द्यावा. खर्जाचा स्वर लगेच सुधारला, तर दोष सांध्याचाच होय. सुधारणा न झाल्यास खालच्या भागातील बारीक तडे आणि किडीने पाडलेली छिद्रे शोधावीत.

उपाययोजना :

सांधा बसवण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे सुती दोरा आणि मधमाश्यांचे मेण. जुना दोरा पूर्णपणे काढून आतील टोक व बाहेरील भाग कोरड्या कापडाने पुसावा. पितळेवर क्षार असल्यास गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने तो पुसावा व भाग सावलीत पूर्ण वाळू द्यावा. नंतर शिवणकामाचा बारीक सुती दोरा मेणावरून ओढून घ्यावा आणि टोकावर एकास एक लागून, न चढवता गुंडाळावा. सांधा जोडताना ज्या दिशेने फिरवला जातो, त्या दिशेने दोरा आवळला जाईल अशी गुंडाळणी असावी. एक थर झाला की सांधा जोडून पाहावा, सैल वाटल्यास दुसरा थर द्यावा. किंचित फिरवत, जोर न लावता जो आत जातो आणि बासरी आडवी धरली असता आपणहून फिरत नाही, तो सांधा योग्य समजावा.

दोऱ्याच्या एका थराने टोकाचा व्यास दोऱ्याच्या जाडीच्या सुमारे दुपटीने वाढतो. वर पाहिलेली ०.२ मिलिमीटरची फट भरण्यास बारीक दोऱ्याचा, आवळून बसलेला एक थर त्यामुळे पुरेसा ठरतो. ऋतू बदलताच तोच थर काढता किंवा वाढवता येतो. दोऱ्याची ही लवचीकता हाच त्याचा मुख्य गुण आहे.

देवबागसारख्या मच्छीमार गावात जाळ्याचा नायलॉनचा धागा सहज हाती येतो आणि तो सुती दोऱ्याहून मजबूतही असतो. सांध्यासाठी मात्र तो अयोग्य आहे. एकेरी नायलॉन धागा कठीण व गुळगुळीत असल्याने दबत नाही, दोन वेढ्यांमध्ये पोकळी राहते आणि गुंडाळी घसरते. नळजोडणीस वापरतात ती पांढरी टेप कार्यक्रमाच्या ऐन वेळी उपयोगी पडते, पण ती कायमचा उपाय मानू नये. कागदाची पट्टी दमट हवेत काही तासांतच मऊ पडते.

बूच सैल असल्यास त्याची मूळ जागा आधी एका काडीवर खूण करून नोंदवावी. मुखरंध्राच्या मध्यापासून बुचापर्यंतचे अंतर बदलले की सप्तकांचा परस्परसंबंध बिघडतो. ही पोकळी वाढल्यास वरच्या सप्तकातील स्वर तुलनेने अधिक उतरतात. बुचाभोवती मेण लावलेल्या दोऱ्याचे एक-दोन वेढे देऊन ते नोंदलेल्या जागी सरकवावे आणि मध्य व तार षड्ज वाजवून खात्री करावी.

महाविद्यालयाच्या बँड पथकात धातूची पाश्चात्त्य बासरी असल्यास वरील उपाय तेथे लागू करू नयेत. १८४७ मध्ये थिओबाल्ड बोम यांनी सिद्ध केलेल्या दंडगोलाकार नळीच्या या बासरीत धातूवर धातू बसतो आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सांधा झिजतो. तेथे दोरा, टेप, मेण किंवा वंगण लावल्यास धूळ चिकटून झीज वाढते. दोन्ही पृष्ठभाग कोरड्या कापडाने पुसणे एवढेच वादकाने करावे. सांध्याचा व्यास वाढवून देणे हे प्रशिक्षित कारागिराचे काम आहे. तिच्या बुचाचे मुखरंध्राच्या मध्यापासूनचे प्रमाणित अंतर १७ मिलिमीटर असून सोबतच्या साफ करण्याच्या काडीवर त्याची खूण असते.

टाळावयाच्या गोष्टी :

झटपट चिकटणारा गोंद किंवा लांबी भरून सांधा कायमचा बंद करणे हा सर्वाधिक हानिकारक उपाय होय. गोंदाने पकडलेला बांबू पुढील ऋतूत फुगतो किंवा आकसतो, पण त्यास हालचालीस वाव उरत नाही. बांबूत आडव्या दिशेच्या किरणपेशी नसतात आणि तंतू एकाच दिशेने, उभे जातात. त्यामुळे ताण पडताच तो उभा चिरतो. चीर स्वररंध्रांपर्यंत गेल्यास वाद्य बाद होते. बासरीवर जागोजागी गुंडाळलेला रंगीत दोरा केवळ शोभेसाठी नसून चिरण्यास रोखणारे ते वेढे असतात. ते काढून टाकू नयेत.

पावसाळ्यात अडकलेला सांधा पॉलिश कागदाने घासणे हीदेखील चूक आहे. घासून गेलेला बांबू परत येत नाही आणि हिवाळ्यात तोच सांधा पूर्वीपेक्षा अधिक सैल होतो. अशा वेळी दोऱ्याचा एक थर काढणे पुरेसे असते. वादनानंतर सांधा सोडवून आतील ओलावा कापडाने टिपावा. बासरी उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. कापडी पिशवीत, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावी.

निष्कर्ष :

१. बासरीचा सांधा सैल होणे हा बहुतांशी बांबू आणि हवामान यांच्यातील स्वाभाविक संबंधाचा परिणाम असून देवबागसारख्या सागरी परिसरात तो वारंवार उद्भवणे अपेक्षित आहे.

२. सांध्यात बांबू आत आहे की बाहेर, यानुसार तो सैल पडण्याचा ऋतू बदलतो. सर्व बासऱ्यांना एकच नियम लावता येत नाही.

३. खर्ज दुबळा आणि वरचे सप्तक ठीक, हे फटीचे प्रमुख लक्षण आहे. ते आढळल्यास विद्यार्थ्याच्या तयारीविषयी मत बनवण्यापूर्वी वाद्याची चाचणी घेतली जावी.

४. बांबू सतत बदलत असल्याने त्याची दुरुस्तीही मागे घेता येण्याजोगी असावी. सुती दोरा व मेण ही अट पूर्ण करतात. गोंद व घासकाम ती पूर्ण करीत नाहीत.

५. मिरज हे महाराष्ट्रातील वाद्यनिर्मितीचे मोठे केंद्र असले, तरी त्याची ख्याती सतार व तानपुरा या तंतुवाद्यांसाठी आहे. तेथील या दोन वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बासरीच्या विद्यार्थ्यास किनाऱ्यावरील गावात स्वतःच्या हातांवरच विसंबावे लागते. म्हणून महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांनी वाद्यांसोबत मेण व दोरा यांची तरतूद करावी आणि जून व नोव्हेंबर अशा दोन वेळी, पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीनंतर, सर्व बासऱ्यांचे सांधे तपासून घ्यावेत. यास खर्च जवळजवळ नाही, वेळ अर्ध्या तासाचा आहे. युवा महोत्सवासाठीची निवड या तपासणीनंतरच करणे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने न्याय्य ठरेल.